ओमानच्या राजकन्येने मुलांसाठी लिहिलेले पुस्तक

आपल्या समाजात आज घरोघरी एक प्रश्न आहे. नातवंडांची भाषा हिब्रू, आजी-आजोबांची मराठी. शाळेतून 'शोराशिम'ची वही आली की नातू शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "सावता, तुझे आजोबा कोण होते? ते काय काम करत?" आपण सांगू लागतो आणि दोन वाक्यांतच अडतो. तेलाचा घाणा हिब्रूत कसा सांगावा? माजघर, पडवी, नारळाची वाडी यांना कोणते शब्द वापरावेत? शेवटी "भारतात, समुद्राजवळच्या गावात राहत होते" एवढेच लिहिले जाते आणि वही मिटते. पणजोबांचे नाव, गाव, स्वभाव, त्यांचे बरे-वाईट दिवस, सगळे आपल्याच मनात राहते.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका दूरच्या घराण्याची हकीगत उपयोगी वाटते. हे घराणे ओमानच्या सुलतानांचे, अल-बुसैदी यांचे. त्यातील एका मुलीने आपल्या लेकरांना त्यांचे आजोबा कळावेत म्हणून पुस्तक लिहिले. पुढे तिच्या मुलाने त्याच आजोबांचे चरित्र लिहिले. आणि आपल्या काळात ओमानमधल्याच एका लेखिकेने कादंबऱ्या लिहून, त्या दोन पुस्तकांत राहून गेलेली माणसे वाचकांपुढे आणली.

ओमान आपल्याला अगदी परका नाही. मस्कत आणि मुंबई यांच्यामध्ये समुद्र तेवढा आहे. मुंबईच्या बाजारात खजूर आणि खारीक पिढ्यान्‌पिढ्या मस्कतहून येत असे, आणि मलिद्याच्या ताटात खजूर असतोच. ओमानमध्ये १९७० सालापर्यंत रुपयाच चालत असे. ज्या सुलतानाची ही हकीगत आहे त्या सय्यद सईद बिन सुलतान यांची मोठी जहाजे मुंबईत बांधली गेली. १८२६ साली मुंबईत बांधलेले ७४ तोफांचे 'लिव्हरपूल' हे जहाज त्यांनी पुढे इंग्लंडच्या राजाला भेट दिले. १८३३ साली माझगावात बांधलेले 'सुलताना' हे जहाज १८४० मध्ये थेट न्यूयॉर्कला जाऊन पोहोचले. हे तेच माझगाव, जिथे पुढे आपल्या मुलांची सर एली कदूरी शाळा उभी राहिली.

याच सुलतानाच्या अमदानीत मस्कतमध्ये काही यहुदी कुटुंबेही होती. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून ती १८२८ च्या सुमारास तेथे आली होती. वेलस्टेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली ओमानचा प्रवास केला. त्याने लिहून ठेवले आहे की तेथे यहुद्यांना वेगळ्या मोहल्ल्यात राहावे लागत नव्हते की अंगावर वेगळी खूण बाळगावी लागत नव्हती. चांदीचे दागिने घडवणे हा त्यांच्यातील पुष्कळांचा धंदा होता. ही छोटी वस्ती पुढे नाहीशी झाली. तिच्यातील कोणा आजीने नातवंडांसाठी काही लिहून ठेवले असते, तर आज एका परक्या प्रवाशाच्या चार ओळींवर आपल्याला अवलंबून राहावे लागले नसते.

आता मूळ हकीगतीकडे वळू. सय्यद सईद १७९१ साली ओमानमध्ये जन्मले. त्यांचे राज्य मस्कतपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटापर्यंत पसरले होते. झांझिबारला त्यांनी लवंगेच्या बागा वाढवल्या आणि उतारवयात ते बहुतेक तेथेच राहू लागले. तेथील मतोनी वाड्यात ३० ऑगस्ट १८४४ रोजी त्यांची मुलगी सालमे जन्मली. तिची आई जिलफिदान ही सर्केशियन होती. लढाईत लहानपणीच आईबापांपासून तोडली जाऊन ती या वाड्यात आली होती.

त्या काळी राजघराण्यातील मुलींना कुराण वाचायला शिकवीत, पण लिहायला शिकवीत नसत. सालमेने लिहिणे चोरून शिकून घेतले. उंटाच्या खांद्याच्या सपाट हाडाची पाटी करायची आणि समोर कुराण ठेवून एकेक अक्षर गिरवायचे, असा तिचा अभ्यास चाले. ही चोरून मिळवलेली विद्या पुढे तिच्या सगळ्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

१९ ऑक्टोबर १८५६ रोजी मस्कतहून झांझिबारला परतताना सय्यद सईद भर समुद्रात जहाजावर वारले. सालमे तेव्हा बारा वर्षांची होती. त्यांच्या मागे ३६ मुले होती, आणि भाऊबंदकी सुरू व्हायला वेळ लागला नाही. एक मुलगा मस्कतला गादीवर बसला, दुसरा झांझिबारला. हा वाद शेवटी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्यापुढे गेला आणि त्यांच्या १८६१ च्या निवाड्याने राज्याचे दोन तुकडे झाले. त्याआधी १८५९ साली बरगश या भावाने झांझिबारच्या गादीसाठी बंड केले होते. त्याच्या गुप्त चिठ्ठ्या लिहायचे काम पंधरा वर्षांच्या सालमेकडे होते, कारण लिहिता येणारी तीच. बंड फसले. बरगशला हद्दपार करून आपल्या मुंबईला पाठवले गेले आणि सुमारे दोन वर्षे तो तेथे राहिला. सालमे घरच्यांच्या मनातून उतरली.

पुढे हाम्बुर्गच्या एका जर्मन व्यापाऱ्याशी, हाइनरिख रुएटे याच्याशी, तिचे प्रेम जमले. १८६६ साली ती इंग्रजी युद्धनौकेतून एडनला पळून गेली. १८६७ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेऊन तिने लग्न केले. सालमेची एमिली झाली आणि हाम्बुर्गला गेली. तीन वर्षांत तीन मुले झाली. १८७० साली ट्रामच्या अपघातात नवरा गेला. धाकटी मुलगी तेव्हा अजून पाळण्यात होती. परका मुलुख, परकी थंडी, हातात पैसा नाही. अरबी शिकवून तिने दिवस काढले. मुले जर्मन शाळांत जर्मन बोलत वाढली.

आलिया करून येथे आलेल्या आपल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. नवा देश, नवी भाषा, आणि घरातील मुले पाहता पाहता त्या देशाची होऊन जातात. आपल्याला हा देश आपला होता, आणि ही मोठी गोष्ट आहे. सालमेला तेवढाही आधार नव्हता.

१८७७ च्या सुमारास तिने लिहायला घेतले. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिने त्याचे कारण सांगितले आहे. आई अरब आहे आणि झांझिबारची आहे, यापलीकडे मुलांना आपल्या मुळाबद्दल काहीच माहीत नव्हते. शरीर आणि मन दोन्ही थकलेली होती. मुले मोठी होईपर्यंत आपण जगू असा तिला भरवसा नव्हता. म्हणून, आपण नसलो तरी आपले बालपण त्यांना वाचायला मिळावे, एवढ्यासाठी तिने वह्या भरल्या. छापण्याचा विचार नंतरचा. १८८६ साली बर्लिनमध्ये ते दोन भागांत छापले गेले. एका अरब स्त्रीने स्वतःच्या आयुष्यावर लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

हे पुस्तक तिने मुलांच्या भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये लिहिले. स्वतःला सोपी जाणारी भाषा तिने निवडली नाही. पण माणसांची आणि वाड्यांची नावे तिने आपलीच ठेवली.

सुरुवातही पाहण्यासारखी आहे. ती वंशावळीने सुरुवात करीत नाही. अमुक राजाचा मुलगा तमुक, त्याचा मुलगा अमुक, ही यादी मुलांना पाठ होत नाही आणि आवडतही नाही. ती घरापासून सुरुवात करते. मतोनीचा वाडा, समुद्रावर निघालेला गोल सज्जा, आणि त्या सज्जात मान खाली घालून फेऱ्या मारणारे वडील. त्यांची चाल लंगडी होती, कारण लढाईत लागलेली गोळी मांडीत राहून गेली होती. मुलांसाठी ते फ्रेंच मिठाई ठेवून देत. राज्य, तह, तोफा या गोष्टी मागून येतात. या मुलांचा जन्म आजोबांच्या मृत्यूनंतर बारा-चौदा वर्षांनी झाला. तरी पुस्तक वाचल्यावर ते लंगडत चालणारे, मिठाई देणारे आजोबा त्यांना ओळखीचे झाले असणार.

त्याची साक्ष तिच्या मुलाच्या आयुष्यात मिळते. रूडॉल्फ यांचा जन्म १८६९ चा. त्यांनी आपल्या आडनावाला आजोबांचे नाव जोडून घेतले आणि ते सईद-रुएटे झाले. त्यांची पत्नी यहुदी घराण्यातील होती. अरब आणि यहुदी यांच्यात सलोखा व्हावा यासाठीही त्यांनी खटपट केली. १९२९ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी लंडनमध्ये सय्यद सईद यांचे इंग्रजी चरित्र छापले. त्यात १८३३ चा अमेरिकेशी झालेला तह आहे, १८३९ चा इंग्रजांशी झालेला तह आहे, अरबस्तानच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात आजोबांचे स्थान कोणते याचा विचार आहे. आईने 'बाबा' दिले, मुलाने 'सुलतान' दिला. आईची वही आधी नसती, तर मुलगा या शोधाला लागला असता का, याची आम्हाला शंका वाटते.

सालमे १८८९ नंतर बरीच वर्षे आपल्या याफोत आणि बैरूतमध्ये राहिली. अरबी भाषा कानावर पडेल अशा गावांत तिने म्हातारपण काढले. १९२४ साली जर्मनीत येना येथे ती वारली. झांझिबारच्या किनाऱ्यावरील वाळूची एक लहान पिशवी तिने जन्मभर जवळ ठेवली होती. ती तिच्याबरोबर हाम्बुर्गच्या कबरीत पुरली गेली.

ही हकीगत हृदयाला भिडणारी आहे, पण तिच्यातील एक उणीव झाकून चालणार नाही. झांझिबारच्या लवंगेच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या. सालमेच्या वाड्यात शेकडो गुलाम होते. तिने पुस्तकात गुलामगिरीवर एक प्रकरण लिहिले, आणि त्यात युरोपियन टीकाकारांपुढे त्या पद्धतीची बाजू घेतली. आपल्या आईला लहानपणी पळवून आणले होते हे जिने लिहिले, तिलाही वाड्यातील कामकऱ्यांचे दुःख नीट दिसले नाही. आपल्या घराबद्दल लिहिताना माणूस असाच लिहितो. घरच्यांच्या चुका त्याला लहान दिसतात, आणि घरात वावरणारी पण घरची नसलेली माणसे दिसतच नाहीत.

ही माणसे दाखवण्याचे काम पुढे कादंबरीने केले. ओमानच्या लेखिका जोखा अल-हार्थी यांच्या २०१० साली निघालेल्या कादंबरीत जरीफा नावाची गुलाम स्त्री आहे. धन्याच्या पोरक्या मुलाला तीच आईच्या मायेने वाढवते. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१९ साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अरबी लेखिका. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९७० साली, म्हणजे ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली अशी माणसे अजून तेथे असतील.

त्यांची २०१६ सालची 'नारिंजा' ही कादंबरी तर आजी-नातीचीच आहे. परदेशी शिकायला गेलेली जुहूर ही मुलगी, मागे राहून वारलेल्या आजीची आठवण काढते. ही आजी, बिंत आमिर, तिची रक्ताची आजी नाही. ती दुसऱ्याच्या घरात आश्रयाने राहिली आणि त्या घरातील मुलांना तिने वाढवले. स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा तिला कधी मिळाला नाही. अशा बाईचे नाव कोणत्याही वंशावळीत येत नाही. तिचा कागद नाही, तह नाही, जहाज नाही. तिची गोष्ट सांगायची तर कल्पनेचीच मदत घ्यावी लागते. अल-हार्थी यांनी लहान मुलांसाठीही पुस्तके लिहिली आहेत.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या समाजात गोष्टींची कमतरता कधीच नव्हती. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, शब्बाथला घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, खंडाळ्याच्या खडकावर उमटलेली एलियाहू हन्नाबी यांच्या रथाची खूण, या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या. १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी कीर्तने सुरू केली, आणि अब्राहाम, योसेफ यांची चरित्रे टाळ-पेटीच्या साथीने मराठीत ऐकवली. तेव्हाच्या मुलांना हिब्रू समजत नव्हते, म्हणून तोरातील गोष्टी मराठीत आणल्या. आज उलटे झाले आहे. आता कोकणातील गोष्टी हिब्रूत न्यायच्या आहेत. त्या पिढीने आपले काम केले. हे काम आपले आहे.

लिहून ठेवलेले कसे उपयोगी पडते हेही आपण पाहिले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तेव्हा हयात नव्हते. चाळीस वर्षे कागद पडून राहिले, पण ते होते म्हणून छापता आले.

आणि सालमेच्या पुस्तकात जी उणीव राहिली ती आपण आपल्या लिहिण्यात राहू देऊ नये. १९६४ साली लग्नाच्या प्रश्नावर आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले आणि आपण पुरे यहुदी आहोत हे मान्य करून घेतले. ही गोष्ट आपण नातवंडांना अभिमानाने सांगतो, आणि सांगितलीच पाहिजे. पण त्याच तोंडाने गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेदही सांगितला पाहिजे. एकाच मशिदीत प्रार्थना करणाऱ्या माणसांत बेटीव्यवहार नव्हता, पंक्तीत एकत्र बसणे नव्हते. बाहेरच्यांनी आपल्याला उणे लेखले त्याचे दुःख आपल्याला आहे. आपण आपल्याच माणसांना उणे लेखले, त्यांच्याही नातवंडांच्या हातात आज तीच 'शोराशिम'ची वही आहे. त्यांनी काय लिहावे? आपण गप्प राहिलो तर ती पाने कोरी राहतील.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे.

घरापासून सुरुवात करा. पेणचे, रोह्याचे, अष्टमीचे किंवा थळचे घर कसे होते, ओटा किती पायऱ्यांचा होता, विहीर कुठे होती, हे सांगा. मुलाला आधी घर दिसले की मग माणसे दिसतात. माणसाची एखादी सवय सांगा. सुलतान लंगडत होता हे जसे लक्षात राहते, तसे तुमचे आजोबा जेवताना काय मागत, चिडले की काय म्हणत, हेही लक्षात राहील.

आडनाव समजावून सांगा. केहिमकर म्हणजे किहीमचे, पेणकर म्हणजे पेणचे. ज्यांनी येथे येऊन आडनाव बदलले त्यांच्या नातवंडांना जुने आडनाव आवर्जून सांगा. ते आडनाव म्हणजे नकाशावरचे गाव आहे.

लहान मुलासाठी लिहिताना कल्पना वापरायला हरकत नाही. पणजोबा त्या दिवशी वाटेत काय बोलले असतील, पाऊस होता की ऊन, हे रचावे लागते, नाहीतर गोष्ट होत नाही. मात्र नाव, गाव आणि नाते रचू नका. गोष्ट संपल्यावर मुलाला सांगा की एवढे आम्ही ऐकलेले आहे आणि एवढे आम्ही जोडले आहे. नवगावची गोष्टसुद्धा "आमच्या आजीने असे सांगितले" म्हणूनच सांगा. मुलांना हा फरक चांगला कळतो, आणि अशी उघड सांगितलेली गोष्ट मोठेपणी त्यांना खोटी वाटत नाही.

घरात राबलेल्या माणसांना विसरू नका. दाई, घाण्यावरचा गडी, शेजारची मराठा किंवा कोळी बाई, जिने आपल्या आईचे बाळंतपण काढले, त्यांचीही नावे आठवत असतील तर लिहा.

भाषेसाठी अडून बसू नका. हिब्रूत लिहिता येत नसेल तर मराठीत बोला आणि मुलाला किंवा सुनेला हिब्रूत उतरवून घेऊ द्या. घाणा, मलिदा, माजघर हे शब्द मात्र तसेच राहू द्या, आणि शेजारी अर्थ लिहा. सालमेने जर्मन पुस्तकात मतोनीला मतोनीच म्हटले, म्हणून तिच्या मुलाला तो वाडा कुठे शोधायचा हे कळले.

सालमेने वही हाती घेतली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती, आणि आपल्याला वेळ पुरणार नाही असे तिला वाटत होते. आपल्यातील पुष्कळांनी ऐंशी ओलांडली आहे. ज्यांना कोकणातले घर आठवते अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. तेव्हा सणावारी सगळे जमतील तेव्हा पाहू, असे म्हणू नका. या शब्बाथनंतरच्या रविवारी एक वही आणा आणि पहिल्या पानावर आपल्या आजोबांचे व आजीचे पूर्ण नाव लिहा, मराठीत आणि हिब्रूत. बाकीचे त्याच्या मागून येईल.